छडी आणि काडी

निपाणीत आमच्या हायस्कूलचं फाटक साडेदहाला बंद व्हायचं. घंटेचा शेवटचा टोल पडला आणि तुमचा एक पाय रस्त्यावर असला, तरी शिपाईमामा कडी घालायचे. बाहेर राहिलेल्यांनी फाटकाशीच उभं राहून प्रार्थना म्हणायची आणि मग हेडसरांसमोर रांग लावायची. हेडसरांच्या टेबलावर निरगुडीचे फोक असत. वाळून कडकडायला लागले की ते टाकून ताजे आणले जात.

१९८४ च्या जूनमध्ये मी तिथं आठवीला गेले. कर्नाटकात सातवीपर्यंत प्राथमिक शाळा आणि आठवीपासून हायस्कूल. पहिल्या दिवशी आई सोडायला आली आणि फाटकाबाहेरच थांबली. "लई कडक शाळा हाय म्हनत्यात," ती म्हणाली. तिच्या आवाजात समाधान होतं. आमच्या गल्लीत पोरगी कडक शाळेत गेली म्हणजे तंबाखूच्या वखारीतून सुटली, असा हिशेब होता.

१९९६ पासून मी बेळगावच्या बाजूला हायस्कूलच्या मुलांना मराठी शिकवते. पालक अजूनही येतात आणि तेच सांगतात, "बाई, कडक राहा, सोडू नका." दर वेळी मला माझ्या उजव्या अंगठ्याचं नख आठवतं. आधी वाढवलेलं आणि मग कापलेलं.

निपाणी म्हणजे तंबाखू. आसपासच्या काळ्या रानात पिकणारा तंबाखू गावातल्या वखारींत यायचा, बायका तो कुटायच्या, चाळायच्या. धुरळा इतका की संध्याकाळी घरी आलेल्या बाईची पापणी पिवळसर दिसायची. ज्यांना वखारीतला खोकला सोसत नसे त्या घरी बिड्या वळत. माझी आई त्यातली. कारखान्यातून पान, तंबाखू आणि दोरा मोजून आणायचा. पान रात्रभर ओलं करून ठेवायचं, पत्र्याच्या मापानं कात्रीनं कापायचं, मांडीवर सूप घेऊन चिमटीनं तंबाखू भरायचा, पान वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. दिवसाला हजार भरायच्या तर घरातल्या सगळ्यांचे हात लागत. तोंड दुमडायचं काम माझं होतं. ते अंगठ्याच्या नखानं करायचं असतं. पानाची कड आत दाबायला नख थोडं वाढलेलं लागतं, नाहीतर पान फाटतं, आणि फाटलेली बिडी छाटात जाते.

छाट म्हणजे नापास बिडी. कारखान्यात चेकर जुडी हातात घेऊन बोटांनी फिरवायचा आणि मूठ-मूठभर बिड्या बाजूला टाकायचा. त्या बिड्यांची मजुरी नाही, आणि त्या परतही मिळत नसत. काय चुकलं, ते कुणी सांगत नसे. १९६६ च्या बिडी आणि सिगार कामगार कायद्यातही नापास बिड्यांवरून होणाऱ्या तंट्यांची तरतूद करावी लागली, इतका तो जुना घाव. पुढे प्रा. सुभाष जोशींनी निपाणीतल्या या बायकांची संघटना बांधली. 'युगांतर' या स्त्रियांच्या चित्रपट-गटानं १९८२ साली आमच्या गावातल्या तंबाखू कामगार बायकांवर माहितीपट केला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९८१ साली, शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू शेतकऱ्यांनी १४ मार्चपासून निपाणीजवळचा महामार्ग रोखून धरला. ६ एप्रिलला गोळीबार झाला आणि १२ शेतकरी मारले गेले. मी दहा वर्षांची होते. त्या रात्री गल्लीत एकाही घरात चूल पेटली नव्हती, एवढं मला आठवतं. माझ्या आईच्या पिढीतल्या बायका संघटनेतून रस्त्यावर आल्या, पण घरी परतल्यावर सूप पुन्हा मांडीवर घेत होत्या.

हायस्कूलमध्ये सोमवारी प्रार्थनेनंतर तपासणी व्हायची. दोन वेण्या वर बांधलेल्या, लाल रिबिनी, निळा स्कर्ट, पांढरा ब्लाऊज आणि नखं. पहिल्याच सोमवारी मी पकडले गेले. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीणही पकडली गेली, कारण तिची आईही बिड्याच वळायची. हेडसरांनी पाचही बोटांची टोकं एकत्र करून हात पुढे धरायला लावला आणि लाकडी फूटपट्टीच्या कडेनं नखांवरच मारलं. तो मार वेगळा असतो. तळहातावरची छडी चुरचुरते आणि ओसरते. नखावरचा मार हाडात जातो आणि दुपारपर्यंत ठणकत राहतो. त्या दुपारी मला पेन धरता येईना.

घरी येऊन मी म्हटलं, नख कापते. आई म्हणाली, "काप की. मग बिडीचं त्वांड काय दातानं मोडतीस?" ती रागावली नव्हती. तिला खरोखरच उत्तर सुचत नव्हतं.

तीन सोमवार असेच गेले. मी तीनदा मार खाल्ला, मैत्रिणीनंही खाल्ला. शाळेला आमच्या नखांचं कारण ठाऊक नव्हतं, आणि ते सांगायची आमची छाती नव्हती. तिथं विचारल्याशिवाय बोलायचं नाही, आणि विचारत कुणी नसे.

आम्हाला कन्नड शिकवायला एक बाई होत्या. त्या गोकाककडच्या. मराठी बोलत, पण त्यांच्या मराठीत पाणीसुद्धा पुल्लिंगी होऊन यायचं. कडक म्हणाल तर हेडसरांहून कडक. छडी त्या वापरत नसत. त्यांच्या तासाला चुकांची वही कधी फेकली गेली नाही, पण चुकलेल्या मुलाची सुटकाही झाली नाही. लाल शाईनं चूक दाखवून वही परत द्यायच्या आणि म्हणायच्या, "तिद्दि बरी." दुरुस्त करून लिही. पुन्हा चुकलं, पुन्हा तिद्दि बरी. एकदा माझं एक पान सात वेळा परत आलं. सातव्यांदा बरोबर आल्यावर त्यांनी मान हलवली आणि पुढचं पान उघडायला सांगितलं. शाबासकी नाही, काही नाही.

कन्नडात 'तिद्दु' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत, हे मला पुष्कळ पुढे कळलं. चूक दुरुस्त करणं म्हणजे तिद्दु, आणि लहान मुलानं पाटीवरच्या वळणावरून पेन्सिल फिरवत अक्षर गिरवणं म्हणजेही तिद्दु. आपल्याकडे गिरवणं वेगळं, सुधारणं वेगळं. बाईंच्या मनात ते एकच होतं. ज्याला सुधारायचं त्याच्यासमोर आधी वळण काढून द्यायला हवं, नाहीतर तो कशावरून गिरवणार?

चौथ्या सोमवारच्या आधी एका संध्याकाळी त्या आमच्या घरी आल्या. न सांगता. आईनं घाईघाईनं पोतं अंथरलं. बाई उंबऱ्याशीच बसल्या आणि म्हणाल्या, "तुमचा काम चालू द्या." अर्धा तास त्या नुसत्या बघत होत्या. मी बिडीचं तोंड दुमडत होते. त्यांनी माझा अंगठा हातात घेऊन निरखला, आईला दोन-चार गोष्टी विचारल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या.

सोमवारी सकाळी फाटकातच त्यांनी मला थांबवलं. पर्समधून नेलकटर काढलं, माझी नखं तिथंच कापली, आणि हातात एक वस्तू ठेवली. छत्रीच्या काडीचा बोटभर तुकडा. एक टोक ठोकून चपटं केलेलं आणि दगडावर घासून गुळगुळीत केलेलं. काही ठिकाणी बायका नखाऐवजी अशी काडी वापरतात, हे त्या कुठून तरी विचारून आल्या होत्या. "नख वाढवायचा नाही," त्या म्हणाल्या. "ह्यानं दुमड."

पहिले काही दिवस हात बसेना. रोजच्या दीडदोनशे बिड्या मागं पडत आणि आई कुरकुरायची. पंधरा दिवसांत मी काडीनं नखापेक्षा भराभर दुमडायला लागले. पुढं आईनंही तशीच काडी करून घेतली.

बाईंनी नियम सैल केला नाही. हेडसरांकडे रदबदली केली नाही, माझी गरिबी वर्गात सांगितली नाही. नख कापायचं म्हणजे कापायचंच. फक्त तो नियम मला पाळता यावा, यासाठी जे लागत होतं ते त्यांनी शोधून आणून दिलं. आज कुणी मला कडक शिक्षक कसा असावा विचारलं, तर मी एवढंच सांगेन. नियम लावणाऱ्यानं तो पाळण्याची काडीही हातात द्यावी. काडी न देता लावलेल्या नियमाला फक्त छडी उरते, आणि छडी म्हणजे शाळेतला छाट. चूक बाजूला टाकायची, का चुकलं ते न सांगता.

पण एवढ्यावर थांबले तर ते अर्धंच सांगणं होईल. माझी शेजारची मैत्रीण नववीच्या सुरुवातीला शाळेत यायची बंद झाली. तिचं घर बाईंच्या वाटेवर नव्हतं. तिला काडी मिळाली नाही. माझी काडी तिला दाखवावी, हे मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर मला ती फक्त माझी ठेवायची होती. बाईंनी मला निवडलं, असं मला वाटत होतं. काही महिन्यांनी ती वखारीच्या रांगेत दिसली, पदर तोंडाला बांधलेला. तिनं मला ओळख दिली. मी शाळेच्या घाईत होते.

मी दहावीला गेले ते वर्ष १९८६. गोकाक समितीच्या १९८१ च्या अहवालानंतर कन्नडला पहिल्या भाषेचा मान देण्याचं धोरण आलं होतं, आणि सीमाभागात कन्नड सक्तीविरोधी आंदोलन पेटलं होतं. १ जूनला बेळगाव भागात गोळीबार झाला. हिंडलग्याच्या स्मारकावर दर १ जूनला आजही माणसं फुलं वाहायला जातात. निपाणीत सीमालढ्यातल्या, १९५६ च्या जानेवारीतल्या हुतात्म्यांची नावं घराघरांत ठाऊक होती, त्यांत आमच्या गावच्या कमळाबाई मोहिते होत्या. अशा गावात शाळा उघडली आणि पहिल्याच आठवड्यात कन्नडच्या तासाला मुलांनी पुस्तकं बाकाखाली ठेवली. कुणी उघडेना.

बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या. मग आपलंही पुस्तक मिटून म्हणाल्या, "सक्ती करणारे कोण, ते मला माहीत नाही. मी नाही. ज्याला उद्या डेपोत, कचेरीत, दवाखान्यात स्वतःचा अर्ज स्वतः लिहायचा असेल, तो माझ्याकडे येईल." आणि खुर्चीत बसून त्या जुन्या वह्या तपासू लागल्या. आठवडाभर रोज तेच. त्यांनी कुणालाही हेडसरांकडे पाठवलं नाही. दुसऱ्या आठवड्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा वही घेऊन टेबलाशी गेला, मग दुसरा गेला.

त्या दिवसांत आमच्या वर्गातला राग खरा होता, आणि आजही तो मला खराच वाटतो. माणसाच्या हातात त्याच्या भाषेतला उतारा नाही, नोटीस नाही, फलक नाही, आणि त्याला हुकूम मात्र दुसऱ्या भाषेचा. हाही काडीशिवाय लावलेला नियमच. सक्ती आणि शिस्त यांतला फरक आम्ही रस्त्यावरच्या घोषणांतून ऐकत होतो. मी तो कन्नडच्या तासाला पाहिला.

दहावीचे गुण हातात आले आणि मी अकरावीला अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात गेले. निपाणीकर मुलांना हे सांगायला नको. घरातून चालत निघालं की वाटेत राज्य बदलतं. घर कर्नाटकात, कॉलेज महाराष्ट्रात, कागल तालुक्यात. दप्तरात काडी असायचीच, कारण फीचे पैसे अजूनही बिड्यांतूनच येत होते.

नोकरी लागली तेव्हा मी ठरवलं होतं, छडी हातात घ्यायची नाही. ते मी पाळलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं ६ ते १४ वयाच्या मुलांना शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ करायला मनाई केली, तेव्हा मला वाटलं, आपण हे आधीपासूनच करत आलो आहोत. पण मनाई फक्त हात उगारायला नव्हती. त्या 'मानसिक छळ' या शब्दांपाशी मी अडखळले, कारण त्याच्या काही वर्षं आधी माझ्या हातून एक गोष्ट घडून गेली होती.

आमच्या शाळेत डोंगराकडच्या एका गावातून सहा-सात मुलं बसनं येत. ती रोज प्रार्थनेनंतर दहा-पंधरा मिनिटांनी पोहोचत. मी वर्गशिक्षिका. उशिरा येणाऱ्यांनी पहिला तास व्हरांड्यात उभं राहायचं, हा नियम मीच केला होता. मारणं नाही, ओरडणं नाही. मला तो सौम्य वाटत होता. दोन महिने ती मुलं माझा मराठीचा तास खिडकीतून ऐकत होती. त्यांतला एक मुलगा दिवाळीच्या सुट्टीनंतर आलाच नाही. उद्यमबागेत फौंड्रीत लागला, असं मुलांनी सांगितलं.

त्या दिवशी संध्याकाळी मी त्या मुलांबरोबर बसमध्ये बसले आणि त्यांच्या गावी मुक्काम केला. पहाटे पाचला घरांतून दिवे लागले. मुलांनी गोठा आवरला, एकीनं भाकरी थापल्या, आणि सगळी जण अर्धा तास आधीच येऊन थांब्यावर उभी राहिली. पहिली बसच मुळात शाळेच्या वेळेनंतर बेळगावात पोहोचायची. ती लवकर उठली असती तरी, धावली असती तरी, वेळेवर येऊ शकत नव्हती. दोन महिने मी त्यांना बसच्या वेळापत्रकाची शिक्षा देत होते.

मला बाईंची काडी आठवली. शाळेत गेल्यावर मी मुलांना म्हटलं, आपण डेपोला अर्ज लिहायचा. पत्रलेखनाचा धडा होताच. मुलं म्हणाली, बाई, डेपोत कन्नड लागतं. मी म्हटलं, मग कन्नडात लिहू. विषय, संदर्भ, मायना, गावाचं नाव, विद्यार्थ्यांची संख्या, सध्याची वेळ, हवी असलेली वेळ, सह्या. पहिला मसुदा चुकांनी भरलेला होता. मी लाल शाईनं खुणा केल्या आणि परत दिला. "तिद्दि बरी," माझ्या तोंडून आपोआप आलं. चार वेळा परत गेला. पाचवा मसुदा मुलं स्वतः घेऊन डेपोत गेली. पहिल्या अर्जाला उत्तर आलं नाही, दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्यानंतर बस वीस मिनिटं आधी सुटायला लागली. त्या सकाळी ती सहा मुलं फाटकातून आत आली तेव्हा घंटेचे टोल पडत होते, आणि सगळ्यात धाकटी मुलगी ते मोठ्यानं मोजत होती.

त्या आनंदात मी बाईंना पत्र लिहिलं. त्या निवृत्त होऊन गोकाकला राहत होत्या. पत्र कन्नडात लिहिलं. शाळेतून निघून गेलेल्या मुलाबद्दलही एक ओळ लिहिली आणि पुढे बसच्या वेळेकडे वळले.

पंधरा दिवसांनी माझंच पत्र परत आलं. लाल शाईनं अकरा चुका दाखवलेल्या, आणि शेवटी ते ओळखीचं वाक्य. त्या मुलाबद्दलच्या ओळीत चूक नव्हती. तिच्याखाली फक्त एक रेघ होती आणि समासात लिहिलं होतं, "मनेगे होगिद्दिया?" त्याच्या घरी गेली होतीस का? त्याखाली मराठीत, त्यांच्या त्या मराठीत, "तुझ्या शेजारची मुलगी होती, तिच्या घरी मी गेले नाही. अजून आठवण होतो."

मला वाटत होतं, ती मुलगी फक्त मलाच आठवते.

रविवारी मी त्या मुलाच्या घरी गेले. तो अंगणात हात धूत होता. फौंड्रीची काळी रेती नखांत बसलेली, साबणानं न निघणारी. त्याच्या आईनं चहा केला. मी त्याची माफी मागितली, तेव्हा तो गोंधळला आणि आईकडे बघत राहिला. तो शाळेत परत आला नाही. घरी येणारे पैसे त्या घराला लागत होते, आणि दोन महिने व्हरांड्यात उभं राहून शाळेशी असलेलं त्याचं नातं सुटलं होतं. मी बाहेरून दहावीचा अर्ज भरण्याबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "बघू बाई." मी आणखी दोनदा गेले. दोन्ही वेळा त्यानं चहा दिला आणि तेच सांगितलं.

पत्र मी पुन्हा लिहिलं, अकराही चुका सुधारून, आणि त्याच्या घरी काय झालं तेही लिहून. या वेळी उत्तरादाखल फक्त एक पोस्टकार्ड आलं. त्यावर दोनच शब्द होते, "ईग सरि." आता बरोबर.

त्यानंतर माझ्या वर्गाचे नियम कमी झाले नाहीत. फाटकाची वेळ आहे, गृहपाठाची वेळ आहे, वही परत जाते आणि पुन्हा लिहून आणावी लागते. मुलं मला कडक म्हणतात आणि ते मला चालतं. फक्त दर जूनमध्ये नियम फळ्यावर लिहिण्याआधी मी नव्या मुलांची घरं फिरून येते. कुठे बस बघते, कुठे दिवा बघते, कुठे लहान भावंडांचा पाळणा. पर्समध्ये नेलकटर असतं, आणि छत्रीच्या काडीचा तो बोटभर तुकडा. दुमडून दुमडून त्याचं टोक एका बाजूला झिजलं आहे.